शाळेतील भांडणे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन गुरुजी झालो आणि जन्मभर खेड्यातील मुले शिकविली. त्या अनुभवाचे दोन शब्द सांगण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

नोकरीच्या आरंभीची गोष्ट. सातवीच्या वर्गात कंपासपेटीवरून दोन मुलांची जुंपली. मी दोघांनाही छड्या मारल्या, हातात हात द्यावयास लावले आणि तंटा मिटला असे समजून गणिताकडे वळलो. सायंकाळी ओढ्याकाठी एकाने दुसऱ्याच्या डोक्यात दगड घातला. पाच टाके पडले. जखमी मुलाची आई एवढेच म्हणाली, “गुरुजी, काय झालं म्हणून माझ्या पोराला इचारलं तरी का?” मी विचारले नव्हते.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. छडी गेली हे उत्तमच झाले. पण तिच्या जागी काय आणावयाचे, हे सांगणारे थोडे. मला तो मार्ग आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत सापडला. तेथे प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडतात, खंडन मागाहून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही १९५१ साली वादासाठी असाच नियम सुचविला होता.

वर्गात मी हेच सुरू केले. राग ओसरेपर्यंत दोघांना वेगळे बसवावयाचे, पाणी द्यावयाचे. मग एकाने बोलावे; दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावे आणि तेच त्याला पुन्हा सांगून दाखवावे. पहिला “बरोबर” म्हणाल्यावाचून दुसऱ्याची पाळी नाही. पुढे काय करावयाचे ते दोघांनीच ठरवावे. पहिल्या खेपेस गणिताचा सबंध तास गेला. जाऊ द्या, गणित दुसऱ्या दिवशीही होते.

मात्र दांडगा मुलगा दुबळ्यास रोज छळीत असेल, तर तो तंटा नव्हे, जुलूम होय. तेथे दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करविणे म्हणजे दुबळ्यास पुन्हा त्याच्याच हाती देणे. तेथे आधी संरक्षण.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा प्रसंग सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एका मुलाने सर्व वर्गादेखत दुसऱ्याच्या वडिलांच्या भंगाराच्या धंद्यावरून टोमणा मारला. त्याने याच्या थोबाडीत दिली. मारणाऱ्याने आपली चूक कबूल केली. आपल्या मुलासही त्याचे दुःख स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी याचे वडील तावातावाने आले. नाव घेत नाही. “मार आमच्या मुलाने खाल्ला आणि मान खाली त्यानेच घालावयाची?” मी खुर्ची दिली व म्हटले, “मुलाने घरी काय सांगितले, तेवढे आधी मला सांगा.”

ते सांगू लागले आणि अर्ध्यावरच थांबले. काही वेळाने त्यांनी विचारले, “त्या मुलाचे वडील घरी केव्हा भेटतात?”