अंगावरचं पित्त जेव्हा जात नाही

लेकराच्या अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो, आणि बहुतेक वेळा ते काही दिवसांत ओसरतं. पण हे चट्टे सहा आठवड्यांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा उठत राहिले, तर ते जुनाट पित्त, म्हणजेच क्रॉनिक अर्टिकेरिया.

नाव पित्ताचं असलं तरी यकृतातल्या पित्तरसाशी त्याचा संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी चेतवल्या गेल्या की हिस्टामिन सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि खाजरी गांधी उठतात.

या पेशींना चेतवतं कोण? काही मुलांत शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं त्यांच्यावर उलटतात. अशांपैकी काहींना थायरॉइडचा विकारही असतो. काहींना थंडी, घाम, घट्ट कपड्यांचा दाब, नुसतं खाजवणंही पुरतं. सर्दी-तापात त्रास वाढू शकतो. अनेकदा नेमकं कारण सापडतच नाही. अन्नाची ॲलर्जी मात्र क्वचितच कारण असते. म्हणून दूध, अंडी, शेंगदाणे मनानेच बंद करून वाढत्या मुलाचं पोषण तोडू नका.

चट्टे केव्हा उठले ते लिहून ठेवा, फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. फारशी झोप न आणणारी हिस्टामिनरोधक औषधं मिळतात. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठा. आणि धीर धरा. बऱ्याच मुलांचा हा त्रास काही वर्षांत आपोआप थांबतो.