पियानो दुरुस्त करणारांची विद्या
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



पियानो हें वाद्य आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. परंतु त्याचें पोट उघडून आंत डोकावण्याचा प्रसंग थोड्यांसच आला असेल. ८८ पट्ट्यांच्या मागें सुमारें २३० तारा, तितक्याच खुंट्या, नमद्यानें मढविलेल्या हातोड्या आणि हजारों बारीकसारीक तुकडे असतात. मोठ्या पियानोंत साऱ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास जातो. असें वाद्य मोडकळीस आलें म्हणजे तें पुन्हां उभें करणारा कारागीर आपली विद्या कोणाजवळ शिकतो, एवढ्याच गोष्टीविषयीं आज आम्ही बोलणार आहों.

हें वाद्य इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें निर्माण केलें. त्याची युक्ति कदाचित् त्याच्याच कारखान्यांत राहून गेली असती; परंतु शिपियोने माफ्फेई या विद्वानानें त्याची भेट घेऊन १७११ सालीं हातोडीच्या रचनेचें चित्रासह वर्णन छापलें, आणि १७२५ सालीं त्याचें जर्मन भाषांतर झालें. त्यानंतर कांहीं वर्षांतच ऑर्गन बांधणारा गॉटफ्रीड झिल्बरमान जर्मनींत पियानो करूं लागला. त्याच्या उत्तरकाळच्या पियानोंतील यंत्ररचना क्रिस्तोफोरीच्या रचनेशीं जवळजवळ तंतोतंत जुळते.

परंतु दुरुस्तीच्या विद्येची खरी कथा आम्हांस पॅरिस येथें सांपडते. क्लोद मोंताल १८०० सालीं जन्मला आणि बाळपणींच त्याची दृष्टि गेली. अंध मुलांच्या सरकारी शाळेंत शिकत असतां त्यानें एका अंध सोबत्यासह तेथील पियानो उघडून सूर लावण्यास आरंभ केला. शाळेचे पियानो पाहावयास येणाऱ्या डोळस कारागिरानें तक्रार केली, आणि मुलांस बंदी झाली. तेव्हां दोघांनीं एक जुना पियानो मिळविला, तो सुटा केला, बोटांनीं चांचपून त्याची रचना जाणून घेतली व पुन्हां जोडून वाजता केला. तें पाहून शाळेच्या चालकांनीं तेथले पियानो त्यांच्याच हातीं सोंपविले! शाळा सोडल्यावर मात्र गिऱ्हाइकें मिळेनात. अंधाच्या हातीं आपलें मोलाचें वाद्य कोण देणार? पुढें नांव झालें, तेव्हां त्यानें काय केलें तें पाहा. ज्याला ही विद्या बंदी असतां मिळवावी लागली, त्यानें ती कुलपांत ठेविली नाहीं. आपला पियानो आपणच सुरांत कसा लावावा, या विषयावर त्यानें १८३६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे आपलें गुपित त्यानें आपल्या गिऱ्हाइकांच्याच हातीं दिलें. अंध विद्यार्थ्यांसहि त्यानें हा धंदा शिकविला, आणि पुढें अनेक देशांतील अंधशाळांतून मुलें तो शिकून आपल्या कमाईचें अन्न खाऊं लागलीं.

हें ज्ञान वांटून घेणें कां जरूर आहे? जुन्या पियानोचे सांधे सरसानें जोडलेले असतात. ऊब व ओल दिली कीं सरस सुटतो, आणि शंभर वर्षांनंतरचा कारागीरहि लांकूड न फोडतां सांधा उघडूं शकतो. तेथें कोणी न सुटणारा कृत्रिम डिंक ओतला, तर त्याचें त्या दिवसाचें काम भागलें, पण पुढच्या माणसाच्या हातांत त्यानें करवत दिली. खुंट्या सैल झाल्या, तर किंचित् जाड खुंट्या घालाव्या, कीं त्यांना धरणारा सगळा लांकडी पाटच बदलावा? नाद घुमविणारी स्प्रूसची फळी तडकली, तर फटींत पाचर बसवावी, कीं फळीच नवी करावी? पावसाळ्यांत आपलीं दारें फुगतात तशी ही फळीहि फुगते आणि सूर चढतो. तेव्हां परक्या हवेंत लिहिलेल्या ग्रंथांतून आयतें उत्तर मिळेलच असें नाहीं. ज्यानें तेंच काम पूर्वीं केलें त्यास विचारावें लागतें, आणि तें दहा वर्षें टिकलें कीं नाहीं हें त्यानेंहि खरें सांगावें लागतें. फसलेल्या कामाची हकीकत यशाच्या हकीकतीहून मोलाची; पण ती सांगणारा क्वचित्.

अमेरिकेंत १९५७ सालीं कारागिरांच्या दोन संस्था एक होऊन पियानो टेक्निशियन्स गिल्ड स्थापन झाली. तिचें मासिक निघतें आणि वार्षिक मेळाव्यांत कारागीर एकमेकांस शिकवितात. तिच्या परीक्षेची रीत आम्हांस फार आवडते. प्रथम अनुभवी कारागिरांचें मंडळ एकत्र बसून एक पियानो सुरांत लावतें. स्वरास्वराविषयीं एकमत झालें म्हणजे तीं मापें नोंदवून ठेवितात. मग तो पियानो मुद्दाम बेसूर करतात आणि उमेदवारानें लावलेले सूर त्या नोंदीशीं ताडून पाहतात. एकट्याच्या कानावर कोणाचें भवितव्य सोंपवीत नाहींत.

आपली युक्ति लपविणाऱ्यास आम्ही सरसकट दोष देत नाहीं. त्याच्या मुलांचें अन्न तिच्यांत असतें. शिवाय कांहीं गोष्टी सांगूनहि देतां येत नाहींत. हातोडीचा नमदा कठीण होऊन आवाज कर्कश झाला म्हणजे तो सुयांनीं टोंचून मऊ करतात. सुई किती खोल जावी, हें छापून कळत नाहीं. जाणत्याच्या शेजारीं उभें राहून ऐकावें लागतें व स्वतःच्या हातानें करून पाहावें लागतें.

जुना पियानो उघडला असतां पट्ट्यांच्या लांकडावर पूर्वींच्या कारागिरांनीं पेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें व तारखा पुष्कळदां सांपडतात. क्वचित् काय काम केलें तेंहि लिहिलेलें असतें, आणि मग पुढच्याचा अर्धा दिवस वांचतो.