भिंत आणि मजला यांची गाठ

घर बघायला गेलं की आपण भिंतीवर थाप मारतो, तुळईची जाडी बघतो. पण तुळई भिंतीला जिथं मिळते, तो सांधा कोण बघतो? आज त्या सांध्याविषयीच बोलू.

अलीकडे पातळ पोलादी पत्र्याच्या सांगाड्याची घरं होऊ लागली आहेत. पत्रा जेमतेम १ ते ३ मिलिमीटर जाड. तो न तापवता यंत्रात दुमडून पन्हळीसारख्या तुळया आणि भिंतीतले खांब करतात. एवढासा पत्रा मजला पेलतो कसा? गुरुजी, वर्गात एक पोस्टकार्ड घ्या. दोन पुस्तकांवर आडवं टाकून मध्ये खडू ठेवा, कार्ड वाकेल. आता लांबीच्या दोन्ही कडा वर दुमडा. तेच कार्ड तीनचार खडू सहज पेलेल. बळ आहे ते घडीत.

आता पुस्तकाच्या बरोबर वर, कार्डाच्या उभ्या कडेवर बोट दाबा. कड चेपली ना? घरातही हेच घडतं. तुळईचं टोक खालच्या भिंतीवर टेकवून त्यावरच वरची भिंत उभारली, तर वरचा सारा भार त्या टोकातून खाली जातो आणि पत्रा चेपू लागतो. कार्डाच्या घडीत काड्यापेटी बसवून बोट दाबा. आता ते टिकेल. म्हणूनच तुळईच्या टोकाशी पत्र्याचा एक उभा तुकडा स्क्रूंनी जखडतात, आणि वरचा खांब, तुळई व खालचा खांब एका रेषेत ठेवतात.

दुसरी रीत अशी, की भिंतीच्या आतल्या अंगाला आडवी पट्टी मारून तुळया तिला अडकवायच्या. वरच्या भिंतीचा भार मग थेट खालच्या भिंतीत उतरतो. पण कडेवर मूल घेतलं की कंबर वाकते, तसा एका अंगाच्या ओझ्यानं खांब वाकू पाहतो. तो हिशेब आधीच करावा लागतो. या रीतीचं दुमजली घर २०१३ साली अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात हलत्या चौथऱ्यावर भूकंपासारखं हादरवलं. ते जवळजवळ सरळ उभं राहिलं. भिंती, मजले, वरचे तक्ते, सारे एकमेकांना धरून होते.

आणि आपलं किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. भिंती दगडाच्या, चांगल्या जाडजूड. पण मातीत रचलेल्या. आतला थर बाहेरच्या थराला बांधलेला नाही, आणि वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली. जाडी कमी नव्हती, मंडळी, गाठ नव्हती.

तेव्हा घर दगडाचं असो की पत्र्याचं, सांधा झाकण्याआधी मिस्त्रीला म्हणा, “थांब बाबा, मला बघू दे.” एकदा तक्ता बसला, गिलावा झाला, की तो दिसायचा नाही. भूकंपाला मात्र तो बरोबर सापडतो.