फायबरला भोक पाडताना
(देहू येथील बैठकीतील भाषण)



देहू-चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत आपलीच पोरे फायबरला भोके पाडतात. गावी मात्र आपण घाईने टाकी फोडतो. मीही फोडली. भिंतीचे ठोक्याचे ड्रिल लावले. आतून पोपडा सुटला, बोल्टाभोवती तडा गेला. ऐन उन्हाळ्यात साठवलेले पाणी एका रात्रीत वाहून गेले.

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. पत्रा वाकतो, लाकूड दबते. फायबरचे मात्र थर सुटतात. म्हणून मागून लाकडी फळी घट्ट लावा. खुणेवर चिकटपट्टी डकवा. ड्रिलचा ठोका बंद करा, बिट धारदार घ्या. आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग मोठे. बोल्ट १० चा असेल तर भोक ११ चे. बिट पार होताना हात हलका ठेवा. पोपडा तेव्हाच उडतो.

कापलेल्या कडेला धागे उघडे पडतात, तिथून पाणी थरांत शिरते. कडेला रेझिन फासा, पूर्ण वाळू द्या. मग रबरी वायसर, त्यावर रुंद लोखंडी वायसर. नट बेताने आवळा.

आणि ती धूळ काचेची आहे. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. कारखान्यातल्या पोरालाही विचारा, मास्क मिळतो का? मिळत नसेल तर मागायला सांगा. टाकी नवी आणता येते, छाती नाही.