न थकणारं नाक

कुवेतच्या खैतान भागात संध्याकाळी इमारतीचा जिना चढताना कोणत्या मजल्यावर कढीपत्त्याची फोडणी पडली, हे नाक अचूक सांगतं. सकाळी तेलक्षेत्रावर मात्र पहिला धडा मिळतो तो हा, की नाकावर भरवसा ठेवायचा नाही.

कारण तेलाबरोबर जमिनीतून वर येणारा हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या घरात गेला, की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. म्हणून आम्ही छातीशी छोटा मीटर लावतो. साधारण दहा भागांवरच तो ओरडू लागतो. पण त्यातला रासायनिक सेल काही वर्षांत संपतो, आणि मीटर वारंवार तपासून घ्यावा लागतो.

याहून बारीक आणि स्वस्त नाक ग्राफीनचं होऊ शकेल. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, कार्बनचे थरावर थर. २००४ साली मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीने सोलत सोलत त्यातला एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, वेगळा केला. त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. या थरातला प्रत्येक अणू हवेला भिडलेला असतो. वायूचा रेणू येऊन चिकटला की थरातून वाहणाऱ्या विजेला होणारा विरोध बदलतो. २००७ साली मँचेस्टरच्याच गटाने नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू असा टिपला.

अजून अडचणी आहेत. नुसत्या ग्राफीनला कोणता वायू आला ते ओळखता येत नाही, दमट हवा त्याला फसवते, चिकटलेले रेणू सहज सुटत नाहीत. म्हणून त्यावर निरनिराळे लेप देऊन, त्याला तापवून प्रयोग चालू आहेत.

विहिरीवरचा तोच हायड्रोजन सल्फाइड आपल्याकडे भारतात गटारांत साचतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरतात, आणि काही वर येत नाहीत. ग्राफीनचं नाक तयार होईल तेव्हा होवो. आजचा मीटर आजही मिळतो. तेलाच्या विहिरीवर माझ्या छातीशी जो आहे, तो मॅनहोलच्या तोंडाशी उभ्या माणसाकडेही हवा. झाकण उघडलं की आधी दोरीने मीटर खाली सोडा. तो ओरडला, तर माणसाला वरच थांबवा.