बेअरिंगच्या गाडीपासून लाँगबोर्डपर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. यंदा सांस्कृतिक समितीने मला उभे केले आहे आणि विषय दिला आहे लाकडाच्या फळीचा. आरतीला अजून अवकाश आहे आणि प्रसाद आरतीनंतरच मिळणार आहे, तेव्हा आपण सगळे बसून राहाल अशी आशा आहे.

स्केटबोर्ड आपण टीव्हीवर पाहिला असेल. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. लाँगबोर्ड हा त्याचा लांब भाऊ. साधा स्केटबोर्ड साधारण ८० सें.मी. लांब असतो, लाँगबोर्ड मीटरभराचा. त्याची चाके मोठी आणि मऊ, म्हणून तो उड्या मारण्यापेक्षा रस्त्यावरून सरळ जायला बरा. माझ्या नातवाला तो हवा होता. बाजारातली किंमत ऐकल्यावर मी म्हणालो, "फळीच आहे ना? आपण घरी करू." हे वाक्य मला पुढे बरेच महागात पडले.

माझ्या आत्मविश्वासाला कारण होते. माझे बालपण साताऱ्याचे. आमच्या पिढीतल्या किती जणांनी बेअरिंगची गाडी केली होती, जरा हात वर करा पाहू! (बरेच हात वर आले.) गॅरेजमध्ये चकरा मारून जुनी बेअरिंग मिळवायची, खोक्याची फळी, खाली दोन आडवे दांडके, पुढचे दांडके एका बोल्टवर फिरते आणि त्याला सुतळीचा लगाम. लोखंडी बेअरिंग हेच चाक. आवाज असा, की दुपारी झोपलेली सगळी आळी उठायची. साताऱ्याला उतारांची कमी नव्हती आणि ब्रेक म्हणजे आपली चप्पल.

कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी रोलर स्केटची चाके फळीला ठोकली, तिथून स्केटबोर्ड निघाला. म्हणजे त्याचे मूळही आपल्या गाडीसारखेच, घरगुती. १९७०च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके आणली, आणि रस्त्यातल्या खड्याला अडून तोंडावर पडणे बरेच कमी झाले. आजही त्या चाकात बसते ते बेअरिंगच. ६०८ नंबरचे, आतले भोक ८ मि.मी., बाहेरचा व्यास २२, जाडी ७. आपल्या जयपूरला तर बेअरिंगचे कौतुक नको. एन.बी.सी. बेअरिंगची मूळ कंपनी १९४६ सालची, आणि तिचा कारखाना इथलाच.

असो. पहिल्या बोर्डाची हकीकत सूनबाईंच्या परवानगीने सांगतो.

कपाटाच्या पाठीला लावून ४ मि.मी.ची प्लाय उरली होती. तिचे तीन तुकडे केले, पांढऱ्या गमने एकावर एक चिकटवले, १२ मि.मी. जाडी झाली. वरच्या लाकडाच्या रेघा लांबीच्या दिशेने जातात हे मी मुद्दाम पाहून घेतले, कारण लाकूड रेघांच्या दिशेने बळकट असते एवढे मला माहीत होते. रंधा मारला, कानशीने कडा गोल केल्या, पॉलिश पेपर मारला. फळी दिसायला फार सुंदर झाली. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या गल्लीत, स्पीड ब्रेकरवर, ती नातवाच्या पायाखाली मोडली. मधोमध, बिस्किटासारखी. मुलाचे मनगट मोडले आणि तीन आठवडे प्लास्टर.

घरात मला कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. सूनबाईंनी ट्रक आणि चाके, म्हणजे खालचे सगळे सामान, पिशवीत भरून माळ्यावर टाकले. मोडलेले दोन तुकडे मी जिन्याखाली ठेवले, का ते मलाही सांगता येणार नाही. दहा-बारा दिवसांनी नातूच म्हणाला, "आजोबा, तुकडे कुठे आहेत? का मोडला ते बघायचंय."

आम्ही दोघे ते तुकडे घेऊन आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने वरून पाहिलेच नाही. तुकडा डोळ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाला, "बाबूजी, आपने चेहरा देखा, किनारा नहीं देखा."

आता तो काठ काय सांगतो ते ऐका. ४ मि.मी.च्या प्लायला तीन थर असतात. वरचा आणि खालचा थर पापुद्र्यासारखे पातळ असतात, जाडी सगळी मधल्या गाभ्याची. आणि गाभ्याच्या रेघा वरच्या थराला आडव्या असतात. मी वरच्या रेघा लांबीने घेतल्या, म्हणजे तिन्ही तुकड्यांचे जाड गाभे मी स्वतःच्या हाताने आडवे लावले. आडव्या रेघांवर वजन टाकले की लाकूड मोडत नाही, फाटते. मिस्त्रीने शेजारच्या पत्र्यातून एकेक इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी आणि एक आडवी, आणि नातवाच्या चांगल्या हातात दिल्या. एक वाकली आणि परत सरळ झाली. दुसरी कडकन मोडली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीने जे केले नाही ते त्या दोन पट्ट्यांनी एका मिनिटात केले.

दुसरा बोर्ड करायचा की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. सूनबाईंनी शेवटी अट घातली: हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड, आणि पहिल्यांदा त्यावर आजोबा उभे राहतील. अट योग्यच होती.

या वेळी मरीन प्लाय आणली, आय.एस. ७१० शिक्क्याची. तिचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी थर सुटता कामा नयेत. ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यातून तुकडे आडवे कापले. ४ फुटांत मीटरभराची फळी आरामात बसते. वरच्या आणि खालच्या तुकड्याचा गाभा लांबीच्या दिशेने, मधल्याचा आडवा. फळी वाकते तेव्हा खरा ताण वर आणि खाली येतो, मध्ये कमी, म्हणून बाहेरचे दोन तुकडे महत्त्वाचे. मधला आडवा ठेवला की फळी पिळवटत नाही.

गमाचे कामही नीट समजून घ्यावे. सारख्या तीन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा तिप्पट. त्याच पक्क्या चिकटवल्या तर सत्तावीसपट. म्हणजे नऊपट फायदा निव्वळ चिकटवण्याचा. वहीची पाने वाकवून पाहा, ती एकमेकांवरून सरकतात. ते सरकणे बंद करणे हेच गमाचे काम. जयपूरच्या उन्हाळ्यात मात्र गम पसरून होईपर्यंत एका बाजूने सुकतो. आम्ही रात्री नऊनंतर, पंखा बंद करून चिकटवले.

साचा घरगुतीच. दोन्ही टोकांखाली पट्ट्या आणि मध्ये त्याहून उंच ठोकळा ठेवून फळीला मधोमध वर बाक दिला. वर जाड पाटी, चारही बाजूंना शिकंजे, आणि त्यावर सिमेंटच्या दोन गोणी, म्हणजे १०० किलो. पूर्ण २४ तास हात लावला नाही. साच्यातून काढल्यावर फळी थोडी उलगडते, म्हणून हवा त्याहून जास्त बाक द्यावा लागतो. आम्हाला १२ मि.मी. हवा होता, साच्यात १८ दिला.

आकार कापणे सोपे आहे, त्यावर वेळ घालवत नाही. भोके मात्र जपून पाडावीत. प्रत्येक ट्रकला चार, ५४ बाय ४१ मि.मी.च्या चौकटीत. मधोमध सूत मारून मगच गिरमिट लावावे. पुढचा आणि मागचा ट्रक एका रेषेत नसेल तर बोर्ड जन्मभर एका बाजूला ओढतो. कडांना अळशीचे तेल पाजले. सांगानेरी छपाईचे शिसवी ठसे नवे असताना तेलात भिजवतात, ते पाहून सुचले. वर पाय सरकू नये म्हणून ओल्या व्हार्निशवर चाळलेली वाळू भुरभुरली. तिला राजस्थानात तोटा नाही.

मग परीक्षा. फळी दोन विटांवर ठेवली, ट्रक जिथे येतात तिथे. मी ७८ किलो, हातात १० किलोचा आट्याचा कट्टा. सूनबाई मोजपट्टी घेऊन खाली बसल्या. फळी ११ मि.मी. दबली आणि उतरल्यावर पुन्हा होती तिथे आली. मग उडी मारायला सांगितले गेले. तीही मारली. या वयात विटांवरच्या फळीवर उडी मारणे शोभत नाही, पण त्या दिवशी माझ्या शोभेचा प्रश्न नव्हता.

तो बोर्ड अजून धडधाकट आहे. नातवाला नाहरगडच्या रस्त्यावरून खाली यायचे होते. त्याला मी साफ नाही म्हणालो. त्या वळणांवर समोरून काय येते ते दिसत नाही, आणि लाँगबोर्डला ब्रेक नाही. त्याऐवजी त्याला घेऊन उदयपूरजवळच्या खेमपूरला गेलो. 'स्केटर गर्ल' हा चित्रपट २०२१ साली आला, त्यासाठी तिथे खरेखुरे स्केटपार्क बांधले. त्या मैदानाशेजारी उभा राहून मी पोरांपेक्षा त्यांच्या बोर्डांचे काठ बघत होतो. बहुतेक सात थरांच्या मेपलचे, कारखान्यातले. दोन-तीन पोरांनी आमचा बोर्ड उलटा करून पाहिला आणि त्यांतला एक म्हणाला, "घर का है?" नातवाने मान डोलावली. मनगटाबद्दल तो बोलला नाही.

बोर्ड आज इथे आणला आहे, चपलांच्या स्टँडशेजारी उभा आहे. पहिल्या बोर्डाचा मोडलेला तुकडा टेबलावर ठेवला आहे, तो हातात घेऊन काठ जरूर पाहा. आरतीनंतर मागच्या पार्किंगमध्ये ज्या मुलांना चढून पाहायचे असेल त्यांनी यावे. हेल्मेट एकच आहे, तेव्हा रांग लावावी लागेल. गणपती बाप्पा मोरया!