रेघ शून्यावर आली, पण बस थांबली का?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक अकरावी सायन्सला आहे. मागच्या बैठकीला ती वही घेऊन आली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मावशी, मला हे आलेख जमत नाहीत. मी आर्ट्सलाच जाते." आमच्यातलं कुणीच दहावीच्या पुढे गेलेलं नाही. तरी म्हटलं, आण वही, बघू तर खरं.

आलेख होता बसचा. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर त्वरण. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते. विचारलं होतं, वेग एकूण किती बदलला?

आम्हाला आपलं पासबुक आठवलं. महिन्याला १०० रुपये असे ८ महिने भरले, की शिल्लक ८०० ने वाढते. इथेही तसंच. बस उभी होती, ती निघाली. पहिले ८ सेकंद त्वरण १. म्हणजे दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदाने वाढला. आठ एके आठ. आलेखात रेघेखाली जो आयत दिसतो, त्याचं हे क्षेत्रफळ. पुढच्या ४ सेकंदांत रेघ तिरकी उतरून शून्यावर आली. तिथे झाला त्रिकोण. ४ गुणिले १, त्याचं निम्मं २. एकूण वेग वाढला १० ने.

लेकीची चूक इथेच होती. तिनं लिहिलं होतं, "रेघ शून्यावर आली, बस थांबली." आम्ही विचारलं, "अगं, हप्ता भरायचा थांबला म्हणून पासबुकातली शिल्लक संपते का?" ती हसली. बस तर तेव्हा १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरनं पळत होती!

पुढे ब्रेक लागला. रेघ शून्याच्या खाली गेली, उणे २ वर, ३ सेकंद. हे झाले पैसे काढणं. १० मधून ६ गेले, ४ उरले. मग रेघ परत शून्यावर. गचके बंद झाले, पण बस अजून ताशी १४ किलोमीटरच्या वर चाललेली. मैत्रिणींनो, अशाच वेळी आपण पिशवी उचलतो आणि पायरीवरून पाय खाली टाकतो. गचका थांबला म्हणजे बस थांबली असं नव्हे. चाक थांबलेलं डोळ्यांनी बघा, मगच उतरा.

एक गोष्ट ध्यानात ठेवायची. क्षेत्रफळातून कळतो तो वेगातला बदल. आधीची शिल्लक माहीत असेल तरच आताची शिल्लक सांगता येते. बस आधीच ५ च्या वेगानं चालत असती, तर ते ५ मिळवावे लागले असते.

लेकीनं पुढची तीन गणितं तिथेच बसून सोडवली. आर्ट्सचं नाव परत काढलं नाही. तुमच्याही लेकी-सुना वही मिटून बसल्या असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आपल्याला येत नसलं तरी विचारता तर येतं. येतो आम्ही. नमस्कार.